शेऱ्याचा रकाना

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या गावच्या वाचनालयात रोज संध्याकाळी जाऊन बसू लागले. ३,२४० सभासद. त्यांची यादी एका सहकाऱ्यानं वर्षभर खपून एक्सेलमध्ये उतरवली होती. कार्यकारिणीच्या सभेत ठरलं, की नवीन सभासदांनी अर्ज मोबाइलवरून भरावा आणि वर्गणीचा हिशेब आपोआप व्हावा. बाहेरून करून घ्यायला पैसे नव्हते. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, तूच शीक ना. अडलं की मला फोन कर." मी तीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं, संगणकावर पत्र टंकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तरी हो म्हटलं, कारण त्या यादीतली निम्मी माणसं माझ्या वर्गात बसलेली होती आणि त्यांची नावं नीट राहावीत असं मला मनापासून वाटत होतं.

भाचीनं टाइपस्क्रिप्ट शिकायला सांगितलं. ब्राउझरला कळते ती भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत ती तयार केली. तिच्यात एखाद्या नावामागे आता संख्या आहे आणि घटकेनं मजकूर आला, तरी कुणी अडवत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१२ साली टाइपस्क्रिप्ट आणली, तिच्यामागे टर्बो पास्कल आणि सी शार्प घडवणारे अँडर्स हेल्सबर्ग होते. या भाषेत प्रत्येक नावाचा 'टाइप' आधीच सांगून ठेवता येतो आणि आपण चुकलो तर लिहितानाच शब्दाखाली लाल रेघ उमटते. मी वहीत 'टाइप' या शब्दापुढे 'जात' असं लिहिलं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या आठ जाती इतकी वर्षं शिकवल्या, तेच पटकन सुचलं. पुढच्या ओळीत 'सभासदाची जात' असं उमटलेलं पाहिलं आणि ताबडतोब खोडलं. तिथं 'प्रकार' लिहिलं. 'स्टॅटिक टाइप' म्हणजे 'प्रोग्राम चालण्याआधीच ठरलेला प्रकार'.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशी सापडली आणि ती भाचीलाही ठाऊक नव्हती. प्रोग्राममधली नावं देवनागरीत देता येतात. 'सभासद', 'वर्गणी', 'पालक' असं लिहिलं तरी भाषा मुकाट्यानं घेते. ती म्हणाली, "ऑफिसात असं कुणी करत नाही." पण माझी भीती तिथंच अर्धी गेली.

पहिला इंटरफेस लिहिला. इंटरफेस म्हणजे एका गोष्टीत कोणकोणते रकाने असतात आणि प्रत्येकात काय बसतं हे सांगणारा तक्ता. नाव हा मजकूर, वर्गणी ही संख्या, जन्मतारीख मजकूर, मोबाइलही संख्या. मोबाइलपाशी भाचीनं थांबवलं. "मावशी, तू मोबाइल नंबरांची बेरीज करणार आहेस का?" नाही. "मग ती संख्या नाही, मजकूर आहे." हीच कसोटी पुढे पुस्तकांच्या आयएसबीएनला लावली. जुन्या दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी कधी कधी 'एक्स' हे अक्षर असतं, तो तपासणीचा अंक दहा आला की त्याच्या जागी येतो. तो क्रमांक संख्या म्हणून ठेवला असता तर अशा पुस्तकांना जागाच मिळाली नसती.

मग एक्सेलची यादी जेसन नावाच्या मजकुरी रूपात बदलून घेतली आणि प्रोग्राममध्ये वाचली. जेसन वाचून जे बाहेर येतं त्याचा प्रकार टाइपस्क्रिप्टला माहीत नसतो, ती त्याला 'एनी' म्हणते, म्हणजे 'काहीही'. तिथं 'ॲज' असा एक शब्द वापरतात हे मी कुठंसं वाचलं होतं. मी त्याचं मराठी केलं 'म्हणून': हे जे आलंय ते सभासदांची यादी म्हणून धर. लाल रेघ कुठंच नाही. वर्गणीची बेरीज लिहिली, प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर आलं ०१००१००१५०१०० आणि पुढे ओळीमागून ओळी नुसते आकडे. रक्कम फार मोठी झाली असेल असं समजून मी दहा मिनिटं ते आकडे मोजत होते.

खरं कारण साधं होतं. एक्सेलमधून येताना वर्गणीचे आकडे अवतरणचिन्हांत आले होते, म्हणजे ते मजकूर होते. जावास्क्रिप्टमध्ये अधिकच्या चिन्हाच्या एका बाजूला जरी मजकूर असला तरी बेरीज होत नाही, दोन्ही एकमेकांना चिकटतात. शून्याला शंभर चिकटले, त्याला पुढचे शंभर, त्याला दीडशे. पण मी तर वर्गणी ही संख्या आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. मग कुणी अडवलं का नाही?

भाची म्हणाली, "तयार झालेली जावास्क्रिप्टची फाइल उघड आणि तुझा इंटरफेस शोध." उघडली. बेरजेच्या ओळी होत्या, फाइल वाचायची ओळ होती, 'म्हणून' गायब होतं आणि इंटरफेसच्या जागी काहीही नव्हतं. मी वर-खाली तीनदा पाहिलं. ब्राउझरला टाइपस्क्रिप्ट कळत नाही, म्हणून चालण्यापूर्वी तिचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होतं आणि त्यात सगळे प्रकार पुसले जातात. ते लिहिणाऱ्यासाठी असतात. बाहेरून येणाऱ्या माहितीला त्यांचा पत्ताच नसतो. 'म्हणून' लिहून मी टाइपस्क्रिप्टला माझा शब्द दिला होता, तिनं तो मानला. आणि मी यादी न पाहताच तो दिला होता.

तेव्हा तपासणी हातानं लिहायला घेतली. इथं नवा शब्द आला, 'व्हॅलिडेशन', तो मी 'पडताळणी' असा लिहून घेतला. प्रत्येक रकाना घ्यायचा, 'टाइपऑफ' लावून तो मजकूर आहे की संख्या ते विचारायचं, नसेल तर नोंद परत पाठवायची. चाळीस-एक ओळी झाल्या. प्रोग्राम चालत असताना जागा असणारा पहारेकरी आता दारात उभा होता. वर्गणीचे आकडे संख्येत बदलून घेतल्यावर बेरीज बरोबर आली आणि मी ती खजिनदारांच्या वहीशी ताडून पाहिली.

महिनाभरानं कार्यकारिणीनं ठराव केला, की बालविभागाच्या सभासदाला पालकाचं नाव आवश्यक. मी इंटरफेसमध्ये 'पालक' ही ओळ वाढवली. जिथं जिथं लाल रेघा आल्या तिथं दुरुस्ती केली आणि काम संपलं असं समजले. पडताळणीच्या चाळीस ओळींत पालक घालायचा राहिला. शिवाय मोबाइलवरच्या अर्जात त्या चौकटीचं नाव मी 'पालकाचे नाव' असं दिलं होतं, 'पालक' असं नाही. त्यामुळे पालकांनी नाव भरलं तरी ते 'पालक' या रकान्यात पोचतच नव्हतं. तीन आठवडे कुणालाच कळलं नाही. मग चौथीतल्या एका मुलीची आई तिचं ओळखपत्र घेऊन काउंटरवर आली. त्यावर मुलीचं नाव, खाली 'पालक' आणि त्यापुढे इंग्रजीत 'अनडिफाइन्ड' असं छापलेलं होतं. तिनं मला शांतपणे विचारलं, "बाई, हे काय लिहिलंय?" तिलाही मी सातवीत शिकवलं होतं. मी तेवढंच सांगू शकले, की माझी चूक झाली, उद्या नवीन कार्ड देते.

त्या रात्री भाचीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहितेयस. एकदा इंटरफेसमध्ये, एकदा पडताळणीत. त्या दोन्ही कायम जुळलेल्या राहतील असं कोण बघणार?" वाचनालयात बसणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते आणि त्या नोंदीवरून तालिकेचं कार्ड तयार होतं. कार्डावर परस्पर दुरुस्ती केली आणि नोंदवही तशीच राहिली, तर वर्षअखेरच्या मोजणीला ते पुस्तक सापडत नाही. कार्ड नेहमी नोंदवहीवरूनच करायचं, हा आमच्याकडचा जुना दंडक.

मी विचारलं, मग इंटरफेसवरूनच पडताळणी आपोआप का करू नये? माझ्या दृष्टीनं नोंदवही तीच होती. पण चालताना इंटरफेस उरतच नाही, तर पडताळणी कशावरून करणार? रूपांतराच्या आधीच इंटरफेस वाचून पडताळणीचा कोड लिहून देणारी साधनं आहेत, पण ती एक जादा पायरी आणि तिची वेगळी मांडणी. भाचीनं उलटी दिशा सुचवली. आधी पडताळणीचा साचा लिहायचा. तो खराखुरा, प्रोग्राम चालताना हजर असणारा असतो. टाइपस्क्रिप्टला त्या साच्याकडे बघून प्रकाराचं अनुमान काढायला सांगायचं. साच्यावरून प्रकार मिळतो, प्रकारावरून साचा मिळत नाही. 'स्कीमा' या शब्दाला मी 'साचा' म्हणते ते तेव्हापासून.

अशी साधनं बरीच आहेत. टाइपबॉक्स साच्यातून जेसन स्कीमा नावाचं सर्वमान्य रूप देतं, व्हॅलिबॉट आकारानं लहान राहावं म्हणून बनवलंय. भाचीच्या सवयीचं होतं ते झॉड, कॉलिन मॅकडोनेल यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेलं, म्हणून मीही तेच घेतलं. लिहिताना 'झेड' हे अक्षर, टिंब आणि प्रकाराचं नाव. नाव: झेड टिंब स्ट्रिंग. वर्गणी: झेड टिंब नंबर. हे सगळं झेड टिंब ऑब्जेक्टच्या कंसात. त्याला नाव दिलं 'सभासदसाचा'. मग जुना इंटरफेस खोडायचा आणि त्या जागी एकच ओळ लिहायची: सभासद म्हणजे झेड टिंब इन्फर, कोनी कंसात साच्याचं नाव. इन्फर म्हणजे अनुमान काढणे. मी कंसात 'सभासदसाचा' लिहिलं आणि लाल रेघ आली.

त्या एका रेघेवर दोन तास गेले. अवतरणचिन्हं घालून पाहिली, कंस बदलले, झॉड पुन्हा उतरवून घेतलं. शेवटी चूक दाखवणारा संदेश शब्द न् शब्द वाचला. त्यात लिहिलं होतं, की सभासदसाचा हे मूल्य आहे आणि ते इथं प्रकार म्हणून वापरलंय, 'टाइपऑफ सभासदसाचा' म्हणायचं होतं का? म्हणजे उत्तर पहिल्या क्षणापासून समोर होतं. घोळ 'टाइपऑफ'चा होता. चालत्या प्रोग्राममध्ये तो शब्द 'हे मजकूर आहे की संख्या' हे सांगतो, मी तो चाळीस ओळींत तसाच वापरला होता. प्रकारांच्या जागी लिहिला की त्याच शब्दाचं काम बदलतं आणि तो त्या मूल्याचा अख्खा प्रकार उचलून देतो. शब्द एक आणि वाक्यातल्या जागेप्रमाणे त्याचं काम वेगळं, हे तर मी वर्गात रोज शिकवत होते. टाइपऑफ घातलं, 'सभासद' या शब्दावर माउस नेला आणि छोट्या चौकटीत सगळे रकाने दिसले: नाव मजकूर, वर्गणी संख्या. मी त्यातलं एक अक्षरही लिहिलं नव्हतं. बराच वेळ मी माउस तिथं नेऊन बाजूला घेत राहिले.

आता साऱ्या यादीवर साचा चालवायचा. त्याला 'पार्स' म्हणतात. इंग्रजी व्याकरणात पार्सिंग म्हणजे पद चालवणे हे मला ठाऊक होतं, म्हणून हा शब्द मला एकदम घरचा वाटला. पार्स केलं, तिसऱ्या सभासदाशी प्रोग्राम थांबला. त्याची नोंद हातानं दुरुस्त केली, पुन्हा चालवलं, नवव्याशी थांबला. रात्री अकरापर्यंत मी अशा चाळीसेक नोंदी सुधारल्या. दुसऱ्या दिवशी भाचीनं विचारलं, "सेफपार्स का नाही वापरलंस?" सेफपार्स थांबत नाही. बरोबर आहे की नाही आणि नसेल तर कुठल्या रकान्यात काय चुकलं, एवढं हातात देतं. ते लावल्यावर सगळ्या चुकांची यादी एकदम समोर आली.

त्या यादीतली सगळ्यात मोठी रास पाहून मला वाईट वाटलं. शेकडो मोबाइल क्रमांक नापास झाले होते आणि दिसायला अगदी बरोबर होते. दहा अंक, पहिला सहा ते नऊपैकी. ते देवनागरी अंकांत होते. सहकाऱ्यानं निष्ठेनं मराठी आकडे टंकले होते आणि जावास्क्रिप्टच्या 'कोणताही अंक' या खुणेत फक्त इंग्रजी शून्य ते नऊ बसतात. वर्गणी मराठी अंकांत असती तर तिचंही तेच झालं असतं. मराठीत लिहिलेल्या शंभराला संख्या करायला सांगितलं तर 'संख्या नाही' असं उत्तर येतं. मार्ग सोपा निघाला. युनिकोडमध्ये देवनागरीचे दहा अंक शून्यापासून नवापर्यंत ओळीनं बसवलेले आहेत, त्यामुळे प्रत्येकाच्या क्रमांकातून देवनागरी शून्याचा क्रमांक वजा केला की अंक मिळतो. ही एक ओळ साच्याच्या तोंडाशी बसवली. आता आमच्या अर्जात कुणीही मराठी आकड्यांत मोबाइल लिहिला तर तो स्वीकारला जातो. या कामातली मला सगळ्यात प्रिय ओळ तीच.

वर्गणीसाठी मी 'कोअर्स' वापरलं होतं, म्हणजे जे येईल त्याला संख्या व्हायला लावायचं. साचा पास झाला, चुका शून्य. मग खजिनदार म्हणाले, सत्तावीस जणांची वर्गणी शून्य कशी? त्यांचा रकाना मुळात रिकामा होता. रिकाम्या मजकुराची संख्या केली की जावास्क्रिप्ट शून्य देतं, आणि शून्य ही रीतसर संख्या असल्यानं साच्यालाही त्यात वावगं दिसत नाही. न भरलेली वर्गणी आणि माफ केलेली वर्गणी यांत वाचनालयाच्या दृष्टीनं फार फरक आहे. रिकामं असेल तर आधीच नापास करायचं, मग संख्या करायची, असा क्रम लावला.

त्यातूनच कळलं, की एका साच्याचे प्रकार दोन असू शकतात. आत येताना वर्गणी मजकूर असते, बाहेर पडताना संख्या. इन्फर केल्यावर मिळतो तो बाहेर पडतानाचा. मी तोच अर्जाच्या चौकटींना लावला आणि टंकलेला मजकूर तिथं बसेना. आत येतानाचा प्रकार हवा असेल तर झेड टिंब इनपुट म्हणायचं. भरलेला अर्ज वेगळा आणि त्यावरून झालेली नोंद वेगळी, दोन्ही एकाच नमुन्यातून आलेली.

आता पालकाचा प्रश्न. सभासदाचे दोन भेद केले, बाल आणि प्रौढ. 'प्रवर्ग' या रकान्यात काय आहे ते पाहून साचा भेद ओळखतो. बाल असेल तर पालक हवाच, रिकामा चालणार नाही. प्रौढाच्या साच्यात तो रकानाच नाही. मी एवढंच, एकाच जागी बदललं. त्यानंतर पालकाशिवाय एक खोटा अर्ज भरून पाहिला, तो परत आला. फाइलीकडे वळले तर सात ठिकाणी लाल रेघा. त्यातली एक ओळखपत्र छापायच्या ओळीत होती, बरोबर त्या शब्दाखाली जिथं 'अनडिफाइन्ड' छापलं गेलं होतं. प्रत्येक सभासदाला पालक असतो असं मी तिथं धरून चालले होते.

शुद्ध झालेली यादी नव्या फाइलीत साठवली आणि काउंटरवरच्या संगणकावर लावली. दोन दिवसांनी तिथं बसणारे ग्रंथपाल एका सभासदाची नोंद उघडून बघत राहिले. म्हणाले, "बाई, शेरा कुठं गेला?" एक्सेलच्या यादीत शेवटी शेऱ्याचा रकाना होता, माझ्या साच्यात नव्हता. झॉडचा साचा आपल्याला माहीत नसलेले रकाने नापास करत नाही, गुपचूप गाळून टाकतो. मी कधी विचारलंच नव्हतं. पोटात गोळा आला. पण मूळ यादी भाचीनं पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर ठेवायला लावली होती.

झेड टिंब ऑब्जेक्टच्या जागी स्ट्रिक्ट ऑब्जेक्ट लिहिलं, म्हणजे अनोळखी रकाना दिसला तर बोलायचं. यादी चालवल्यावर तो तीन हजारांहून जास्त वेळा बोलला: शेरा, जुना क्रमांक, शेरा, जुना क्रमांक. साच्यात दोन ओळी वाढवल्या. शेरा: मजकूर, असल्यास. 'सभासद'वर माउस नेला तर शेवटी शेरा आला होता, पुढे प्रश्नचिन्ह, म्हणजे असेल किंवा नसेल. मग ग्रंथपालांना बोलावून यादी पुन्हा चालवली. २०६ शेरे परत आले. आम्ही दोघं वाचत बसलो. पहिलाच होता: 'गुडघे दुखतात. जिना चढू देऊ नये, पुस्तक खाली आणून द्यावे.'